कडब्याचं घर

ज्वारीचं वाळलेलं धाट मोडताना जो आवाज होतो, तो मला लिहून दाखवता येईल असं वाटत नाही. परवा एसटीनं घरी येताना मिरजगावच्या अलीकडं एका रानात बायका पेंढ्या पुढ्यात घेऊन कणसं मोडताना दिसल्या. एसटीच्या घरघरीत तो आवाज माझ्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. तरी मला तो ऐकू आला, आणि बोटांच्या टोकांना धाटाची साल सोलताना होते तशी बारीक चुणचुण झाली. माझ्या बोटांना गेल्या वर्षीचा हंगाम अजून आठवतो. डोक्याला तेवढा आठवत असेल की नाही, शंका आहे.

मी नगरला आर्किटेक्चर शिकते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळं मी नेमकं काय शिकते हे सांगणं अवघड जातं. दादा, म्हणजे माझे वडील, पाहुण्यांना सांगतात, "पोरगी घराचं शिकती." मला आधी हे अपुरं वाटायचं. आता वाटतं, यापेक्षा नीट मलाही सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी सुट्टीला आले तेव्हा ज्वारी काढणीला आली होती आणि घरात नव्या घराची बोलणी चालली होती. जुन्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत, पुढच्या दिवाळीनंतर पाया घ्यायचा, असं ठरत होतं. बांधणार शिवामामा गवंडी. ते आमचे नात्यानं कुणी नाहीत, पण सगळी वस्ती त्यांना मामाच म्हणते. मी मोठ्या हौसेनं नकाशा काढून नेला होता. दादांनी कागद आधी उभा धरला, मग आडवा, मग शिवामामांकडं दिला.

"हा चंद्र कशाचा?" दादांनी विचारलं.

"चंद्र न्हाई दादा, दार हाय. दार उघडल्यावर एवढं फिरतं."

"आन मग दार कुठंय?"

"ही रेघ."

"रेघंतून मानूस कसा जानार?" असं म्हणून त्यांनी चष्मा काढला. शिवामामा गालात हसले. त्यांना नकाशा कळत होता, पण ते दादांच्या बाजूनं राहिले. आई दारात उभी होती. तिनं कागदाकडं बघितलंच नाही. ती म्हणाली, "तुमी ठरवा," आणि आत गेली.

ठरवायचं होतं ते मुख्यतः स्वयंपाकघराचंच. बाकी खोल्यांवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. दादांचं मत असं, की स्वयंपाक मागच्या बाजूला, खाली, चुलीवरच असावा. गॅस आहेच चहापुरता. "तिला खाली बसून सवय हाय. आन चुलीवरची भाकर ती चुलीवरची." शिवामामांचं म्हणणं, हल्ली सगळे ओटा करतात, पण ते कसंही बांधून देतील. आईचं म्हणणं कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मला ते आपोआप माहीत आहे असं वाटत होतं.

कारण कॉलेजात त्याच सत्रात सरांनी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती माझ्या मनात पक्की बसली होती. सर म्हणाले होते, आपण मॉडेलमध्ये जी छोटी माणसं ठेवतो ती सगळी उभी असतात. मग घरही उभ्या माणसाचंच होतं. आपल्याकडं बायका बसून निवडतात, बसून चिरतात, बसून थापतात. त्यांची नजर जिथं असते तिथून खिडकी काढा. मला वर्गात बसल्या बसल्या आमची चूल दिसली, आणि चुलीसमोरची कोरी भिंत दिसली. मी ठरवलं, आईची खिडकी खाली आणायची. बसल्या जागेवरून तिला रान दिसलं पाहिजे.

नकाशा कुणाला वाचता येत नाही, तर मॉडेल करू, असं मी दादांना सांगितलं. ते म्हणाले, "कर की, बाहुलीचं घर." माझ्याकडं कटर होता, स्टीलची पट्टी होती, फेविकॉलची छोटी बाटली होती. फोमचे बोर्ड नगरलाच राहिले होते. मी बिस्किटांचा पुठ्ठा कापायला घेतला, पण त्याच्या पन्हाळ्या पट्टीखाली दबायच्या आणि कड फाटल्यासारखी यायची. आई शेजारी कणसं मोडत बसली होती. थोडा वेळ तिनं ते बघितलं.

"चिपाडाचं का करत न्हाईस? ल्हानपनी गाड्या करायचीस की."

मी हसले. मग हसू थांबलं. कारण खरंच, फोम बोर्डात जे असतं तेच ज्वारीच्या धाटात असतं. बाहेर कडक साल, आत हलका पांढरा गर. त्या गराला आमच्याकडं भेंड म्हणतात. इथलं प्रत्येक पोर कधी ना कधी त्या भेंडाची चाकं आणि सालीच्या कांब्या करून बैलगाडी जोडतं. त्याला गोंद लागत नाही. सालीची टोकदार कांबी भेंडात खुपसली की ती धरून बसते. मी दीड वर्ष नगरच्या दुकानात बोर्ड निवडत होते आणि आमच्या अंगणात बोर्डाची गंज लागली होती.

तरी लहानपणची गाडी वेगळी आणि प्रमाणातलं घर वेगळं. आमच्या घराचे पन्नास फूट मॉडेलच्या एका फुटात बसवायचे, म्हणजे भिंतीची जाडी जेमतेम करंगळीच्या अर्ध्या नखाएवढी. तेवढ्या जाडीची भेंडाची पट्टी काढायला मला बरीच धाटं वाया घालवावी लागली. बुडख्याकडचं भेंड दाट असतं पण पिवळट, शेंड्याकडचं पोकळ. मधल्या कांड्यांचं चांगलं. मागच्या वर्षीच्या कडब्यात किड्यांनी बोगदे केलेले असतात, आणि नुकत्या काढलेल्या धाटात ओल असते, ती वाळली की भिंत आकसते. पातं जुनं असेल तर भेंड कापलं जात नाही, चेपलं जातं, आणि एकदा चेपलेलं पुन्हा फुगत नाही. एकदाच जोर लावून कापायचं नाही, तीनचार वेळा हलकं फिरवायचं, हे कॉलेजातलं शिकवणं इथंही खरं निघालं. पट्ट्या एकमेकींना चिकटवायला मी आईकडून गव्हाच्या पिठाची खळ शिजवून घेतली, कारण फेविकॉल भेंडानं शोषून घेतला आणि बाटली अर्धी झाली.

दुपारी उन्हात अंगणात बसून हे सगळं चालायचं. कडब्याला एक गोड, धुळकट वास असतो. बोटांना बारीक कूस टोचते. मी वाकून बसलेली, आणि पलीकडं आई वाकून बसलेली, दोघींच्या मांडीवर ज्वारी. तिच्या हातून धाटाचा ढीग होत होता आणि माझ्या हातून भिंती. मध्येच ती एखादं सरळ, जाड धाट माझ्याकडं टाकायची. "हे घे, हे बरंय." मला अजून कळत नाही की हातात घेतल्याबरोबर तिला ते कसं कळायचं. मी विचारलं तर म्हणाली, "कळत बिळत न्हाई. दिसलं, टाकलं."

रंगाच्या वेळी मला जी गंमत समजली ती कुठल्या तासाला कुणी सांगितली नव्हती. खऱ्या गोष्टी लहान घरात खऱ्या दिसत नाहीत. अंगणासाठी मी आमच्या रानातली काळी माती आणली, ओढणीतून चाळली, फेविकॉलच्या पाण्यावर भुरभुरली. ती डांबरासारखी दिसली. तीच माती, तेच रान, पण घर लहान झालं की माती जास्त काळी होते. मग तिच्यात थोडी चुन्याची पूड आणि पिऊन झालेल्या चहाची वाळवलेली पत्ती मिसळली, तेव्हा कुठं ती आमची माती वाटली. वाळूचं तेच. खरी वाळू टाकली की दारात धोंडे पडल्यासारखे दिसायचे. विटांसाठी गेरू घेतला. भेंडावर थेट ओला रंग लावला तर ते टीपकागदासारखं पिऊन टाकतं आणि वळतं, म्हणून आधी पातळ खळीचा एक हात, तो वाळला की रंग, आणि शेवटी जुन्या टूथब्रशवर अगदी कोरडा, उरलासुरला रंग घेऊन नुसत्या कडांवरून फिरवायचा. उजेड कडांवर आधी पडतो म्हणून. गोठ्याच्या पत्र्यासाठी गोळ्यांच्या पाकिटाची चांदी फणीच्या दातांवर दाबली, तिला नीट पन्हाळ्या पडल्या. झाडांना परसातल्या वाळलेल्या शेपूच्या छत्र्या. एवढं लहान, एवढं फांद्याफांद्यांचं झाड माणसाला करता आलं नसतं.

मी मधूनमधून विचार करायची, की मग खरं दिसण्यासाठी खऱ्यापासून किती लांब जायचं? माती फिकी करायची, वाळू काढून टाकायची, झाडाऐवजी भाजी लावायची. याचं काही प्रमाण असतं का?

सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर. मी भेंडाचीच एक बाई केली, चुलीपुढं बसलेली, एक गुडघा वर. तिच्या डोळ्यांच्या रेषेत खिडकी. आणि मग मला एक सुचलं, ज्याचा मला फार आनंद झाला. जुन्या घरात चुलीशेजारच्या भिंतीवर एक काळसर, गुळगुळीत डाग आहे. आई उठताना गुडघ्यावर एक हात ठेवते आणि दुसरा भिंतीला लावते. वर्षानुवर्षं त्याच जागी. मी दिव्याची काजळी खळीत कालवली, बोटाच्या टोकानं मॉडेलच्या भिंतीवर तेवढाच, त्याच जागी डाग उठवला, आणि कडा पुसून घेतल्या. तो इतका हुबेहूब आला की मी बराच वेळ त्याच्याकडंच बघत बसले.

संध्याकाळी शिवामामा आले तेव्हा मी छत उचलून सगळ्यांना घर दाखवलं. दादा खाली बसले, दारातून बोट घालून बघितलं.

"आता कळलं," ते म्हणाले. "चंद्र न्हाई हितं."

"पडवी अजून हातभर घ्यावी," शिवामामा म्हणाले, "न्हाईतर पावसाचं पानी दारात."

आई शेवटी आली. पदरानं हात पुसून ती वाकली. बाहेरून सगळं बघितलं, झाडांना शेपूचा वास येतो का बघितलं, मग स्वयंपाकघरात बघितलं.

"ही मी?"

"व्हय. बघ, बसल्या बसल्या तुला पार बांधापर्यंत दिसल."

"आन हा डाग?"

"तुझ्या हाताचा. उठताना तू भिंतीला धरतीस ना, तो."

आईनं डागावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "नव्या घराला बी?"

एवढंच. ती उठली. उठताना तिनं माझ्या खांद्याला धरलं, कारण तिथं भिंत नव्हती. शिवामामा पडवीचं माप सांगत होते, आणि मी ते ऐकत असल्यासारखी मान हलवत होते.

पुढचं झालं ते आमच्यासारख्यांच्याच घरी होऊ शकतं. मॉडेल घरात ठेवायला जागा नव्हती, ज्वारीची पोती आली होती. म्हणून मी ते गोठ्याच्या कडेला उपड्या पाटीवर ठेवलं. कडब्याचं घर, गव्हाची खळ लावलेलं, गोठ्यात ठेवावं हे मला सुचलं आणि त्यात काही चूक आहे हे कुणालाच दिसलं नाही. सकाळी शेळी दावं ओढून तिथपर्यंत पोचली होती. पुढची खोली तिनं सोडली, बहुतेक गेरूमुळं. मागची बाजू, स्वयंपाकघर, खिडकी, चूल, बसलेली बाई, सगळं खाल्लं होतं.

दादा पोटभर हसले. "शेळीनं पास केलं तुला. कॉलेजात जायची गरज न्हाई."

मला रडू येत होतं, म्हणून मी ज्वारीच्या खळ्यावर निघून गेले. दुपारी परत आले तर आई अंगणात मॉडेल पुढ्यात घेऊन बसली होती. तिच्या हातात माझा कटर नव्हता, इळा होता. इळ्याच्या टोकानं ती धाटाची साल एका ओढीत सोलत होती. तिच्या भिंती सरळ नव्हत्या. एक जाड, एक बारीक. खळ नव्हती, सगळं कांब्यांनी टोचलेलं होतं, लहानपणीच्या बैलगाडीसारखं. खिडकी होती, पण बरीच वर. आणि खिडकीखाली एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, भेंडाचा एक अखंड तुकडा आडवा बसवला होता. ओटा. त्याच्यापुढं एक बाई उभी होती.

मी शेजारी बसले. जे पहिलं दिसलं ते बोलले. बाई दारापेक्षा उंच झाली होती.

"आई, ही दारातनं आत कशी यायची?"

आईनं बाईकडं बघितलं, दाराकडं बघितलं. "वाकून यील," ती म्हणाली. "आत आली की हुबी राहील."

मी ती बाई बदलली नाही. भिंतीवर डागही लावला नाही. सुट्टी संपल्यावर ते घर मी कॉलेजात नेलं. सरांनी पुढची बाजू बघून चांगलं म्हटलं, भेंडाबद्दल खूप प्रश्न विचारले, मग मागची बाजू बघून म्हणाले, "ही आकृती प्रमाणात नाही." मी हो म्हणाले. ते खरंच होतं. कोणत्या प्रमाणात आहे ते मला सांगता आलं नसतं. सरांची खालच्या खिडकीची गोष्टही मला खोटी वाटत नाही. ज्यांना बसून काम करायचं आहे त्यांच्यासाठी ती खरी आहे. फक्त मी आईला विचारलं नव्हतं, की तिला बसायचं आहे का. तिचं उठणं मी इतक्या बारकाईनं बघितलं होतं की तिच्या हाताचा डाग मला हुबेहूब काढता आला, आणि तिचा गुडघा दुखतो एवढं मात्र त्यातून माझ्या लक्षात आलं नाही. बारकाईनं बघणं आणि कळणं यांत अंतर असतं, ते किती, हे मोजायची पट्टी माझ्याकडं नाही.

दादांनी त्या वेळी ओटा बघून "बघू" म्हटलं होतं. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही, पण आत्तापुरतंच. पाया झाला, भिंती आल्या. खिडकी शिवामामांनी वरच घेतली, त्यावर कुणी काही बोललं नाही. ओट्याचं मात्र दादा म्हणत राहिले, "मागनं करता यील, तवर कोपऱ्यात चूल मांडू." आईनं वाद घातला नाही. तिला वाद घालता येत नाही असं मी समजत होते.

परवा घरी पोचले तेव्हा नव्या घरात प्लास्टर चालू होतं. ओल्या सिमेंटचा वास आणि बाहेरून कडब्याचा वास, दोन्ही एकदम. स्वयंपाकघरात गेले तर आईनं कोरड्या विटा एकावर एक रचून घेतल्या होत्या आणि वर शिवामामांची फळी टाकली होती. म्हणजे या वेळी मॉडेल खऱ्या मापाचं होतं, एकास एक. शिवामामा बाजूला उभे होते.

"वैनी, ओटा सगळीकडं एवढाच ठेवत्यात," ते म्हणाले.

आईनं फळीवर हात ठेवले. "रिकाम्या हातानं कळत न्हाई," असं म्हणून ती जुन्या घरातून परात आणि पीठ घेऊन आली. परातीत पाणी घालून तिनं खरंच पीठ मळायला घेतलं. मी मागून बघत होते. तिचे खांदे कानांकडं चढत होते. परातीची उंची आम्ही कुणीच धरली नव्हती.

"वर हुतंय," ती म्हणाली. "एक वीट काढा."

शिवामामांनी फळी उचलली, विटांचा एक थर काढला, फळी ठेवली. आईनं पुन्हा हात घातला. या वेळी खांदे खाली राहिले. दोन्ही तळव्यांचा भार पिठावर नीट पडत होता. खिडकीच्या भोकातून ऊन थेट परातीत येत होतं.

"आता बरोबर हाय."

एवढ्यात दादा पाणी प्यायला आले. तांब्या ओठांपासून काढून त्यांनी विटांकडं बघितलं, फळीकडं, परातीकडं. काय चाललं आहे हे त्यांना न सांगता समजलं. तांब्या ठेवायला जागा शोधली आणि ती फळीवरच होती. दादा उंच आहेत. त्यांना कंबरेतून वाकावं लागलं.

"लई खाली झालंय हे," ते म्हणाले.

"तुमाला खाली हुतंय," आई म्हणाली. तिनं मान वर केली नाही. पिठाचा गोळा उलटा केला, पुन्हा मळला.

शिवामामा भिंतीकडं बघत राहिले. मी दादांकडं बघितलं. दादा तिच्या हातांकडं बघत होते. मग ते पुन्हा वाकले, तांब्या उचलला, आणि जाता जाता म्हणाले, "शिवा, मार रेघ."

शिवामामांनी कानावरची पेन्सिल काढली आणि फळीच्या लगत, ओल्या प्लास्टरवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघ ओढली.